साठ ग्रॅम

पेरूगेटाजवळ, दुसऱ्या मजल्यावर माझी खानावळ.
दुपारी बारा ते दोन, पंचावन्न ताटं.
रविवारी संध्याकाळी बंद, असं जिन्यातच लिहिलंय,
तरी कुणीतरी बेल वाजवतंच.

वीस वर्षं मी वाढत होते.
आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द :
पोरांच्या ताटात वाढत होते
आणि वजनकाट्यावर.
एकशे अठरा किलोंपर्यंत.

खरं सांगू, पान मांडून मी कधी जेवलेच नाही.
बसायचे ते तीन वाजता, पातेल्यांसमोर.
तळाची आमटी, कडक झालेल्या चार पोळ्या,
करपून धरलेला भात,
सणासुदीला श्रीखंडाचं पातेलं बोटानं निपटून.
टाकवत नाही ना.
उरेल ते मी स्वतःत ठेवून घेतलं.

जूनमध्ये डॉक्टरांनी पोट कापून
केळ्याएवढं शिल्लक ठेवलं.
पोटातले कावळे त्याच दिवशी उडाले.
सगळ्यांना वाटलं, सुटली.

मृण्मयी, डाएटिशियन, वयानं माझ्या मेसच्या पोरींएवढी,
तिनं लिहून दिलं :
कॅलरी नऊशेच्या आत.
प्रोटीन साठ ग्रॅम, कमी नाही.
‘कमी नाही’च्या खाली दोन रेघा.

जास्त खाऊ नकोस, हे जन्मभर ऐकलं होतं.
भूक नसताना खा,
हे कुणी शिकवलंच नव्हतं.

सकाळी पावडरचं दूध : वीस.
डब्यावर व्हॅनिला लिहिलंय, चव ओल्या पुठ्ठ्याची.
दहाला उकडलेलं अंडं : सहा.
ते गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर, दार लावून,
कारण खालच्या पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ आहे
आणि पाटी मीच रंगवून घेतलीय.
दुपारी पनीर पन्नास ग्रॅम,
गरम मसाला तोलायच्या काट्यावर : नऊ.
घास पंचवीसदा चावायचा.
पाणी जेवणाबरोबर नाही, नंतर अर्धा तास नाही.
मी ज्या वेळात वीस ताटं वाढते
त्या वेळात माझी एक वाटी संपत नाही.

गणपतीत अर्धा मोदक खाल्ला. तुपासकट.
घाम, धडधड, हात गार.
मोरीच्या फरशीला गाल लावून पडून होते,
बाहेर ढोल.

ऑक्टोबरात कंगव्यात पुंजके येऊ लागले.
‘काकू, प्रोटीन कमी पडतंय,’ मृण्मयी फोनवर.
मी म्हटलं, पडणारच, पंचावन्न ताटं आधी बघू की...

शेवंताबाई कणीक मळता मळता ऐकत होती.
अकरा वर्षं आहे माझ्याकडे.
दुसऱ्या दिवशी पावणेबाराला,
पहिलं ताट मांडायच्या आधी,
वाटीत आमटीची तळची घट्ट डाळ, वर पनीर,
माझ्यासमोर आणून ठेवलं.
‘नैवेद्य आहे का गं?’ मी हसले.
‘नैवेद्य देव खात नाही,’ ती म्हणाली.
‘तुम्हाला खायचंय.’

तेव्हापासून बारा वाजता
मी स्टुलावर बसून चावत असते
आणि जिन्यात पोरं थांबलेली असतात.
परभणीचा एक आहे, तो दारातून विचारतो,
‘काकू, तुमचं होऊ द्या, मग येतो.’
मला लाज वाटते. मग नाही वाटत.
मग परत वाटते.

तीन वाजले की मी गॅलरीत जाते.
आत पातेलं खरवडल्याचा आवाज येतो.
वळून बघत नाही.

रात्री मुगाचं धिरडं : सहा.
डाळीची ती वाटी धरून बेरीज
शेहेचाळीस.
दुसरं धिरडं ताटात पडून, जात नाही.
पूर्वी गेलं असतं. असली सहा गेली असती.

मेसची वही काढते.
आगाऊ न कळवता गैरहजर राहिलेल्यांचे खाडे
इथं मांडतो आम्ही.
शेवटच्या ओळीत माझं नाव घातलंय शेवंतानं, वाकड्या अक्षरात.
त्याच्यापुढे लिहिते :
आज पाव खाडा.